वर्तन ठीक

मांजराचा जबडा उघडून तिने गोळी जिभेच्या मुळाशी नेली, आणि नेमका तेव्हाच ॲप्रनच्या खिशातला फोन थरथरला. मांजराने संधी साधली. गोळी तिच्या बाहीवर, नखं तिच्या मनगटात आणि मांजर वजनकाट्याच्या मागे. मांजराच्या मालकीणबाई एका शाळेत गणित शिकवत. त्या कळवळून "अगं बाई, लागलं का?" म्हणाल्या. ते मांजराला विचारलं होतं.

गुडघ्यांवर बसून एक हात वजनकाट्यामागे घालत तिने दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"नमस्कार मॅडम! तुमची समुपदेशक बोलतेय. दोन मिनिटं आहेत का?"

"नाहीत."

"छान. तर मॅडम, अभिनंदन, तुम्ही शॉर्टलिस्ट झाला आहात."

"मी अर्जच केलेला नाही."

"म्हणूनच फोन केला मॅडम. शनिवारी संध्याकाळी पाचला प्रवेश बंद होतोय. अगदी शेवटच्या काही जागा राहिल्यात."

"ऑनलाइन कोर्सच्या जागा कशा संपतात? खुर्च्या कमी पडतात का?"

 हा प्रश्न त्यांच्या प्रशिक्षणात घेतलेला नसावा. तेवढ्यात वजनकाट्यामागून एक लांबलचक, खालच्या पट्टीतली गुरगुर निघाली.

"मागं कोण आहे मॅडम?"

"पेशंट."

"अय्या, तुम्ही दवाखान्यात काम करता? मग तर हा कोर्स तुमच्यासाठीच आहे!"

आतल्या खोलीतून डॉक्टरांची हाक आली, "मनी, झालं का?"

"नाही हो डॉक्टर, अजून तोंडच उघडत नाहीये," मालकीणबाईंनी तत्परतेने उत्तर दिलं. कारण मांजराचंही नाव मनीच होतं. लहानपणी सापडेल ते पिल्लू उचलून घरी आणायची म्हणून घरच्यांनी तिला मनी म्हणायला सुरुवात केली, आणि या दवाखान्यात लागल्यावर डॉक्टरांनीही तेच चालू ठेवलं. आठवड्याला सरासरी तीन मन्या तपासणीला येत. 'मनी, अंगावर काय येतेस?' किंवा 'मनीला आज जुलाब होतायत' ही वाक्यं ऐकून वळून बघायचं तिने पहिल्या वर्षातच सोडून दिलं होतं.

पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं पत्र सोमवारी आलं होतं. तिसरं. पहिल्या वर्षी त्यांना 'अत्यंत खेद' झाला होता, दुसऱ्या वर्षी नुसताच 'खेद', आणि यंदा थेट 'कळविण्यात येते की'. पुढच्या वर्षी रिकामं पाकीटच येईल बहुतेक, असं ती आईला म्हणाली तेव्हा आई हसली नव्हती.

पुढचं वर्ष होतं, पण एकच. अठ्ठाविशी उलटली की तिथे अर्ज घेत नाहीत आणि तिला सत्तावीस पूर्ण झाली होती. त्यात आणखी एक मेख होती. उमेदवाराने दुसरीकडे कुठेही, ऑनलाइन का असेना, नाव नोंदवलेलं असेल तर त्याचा अर्ज बाद. म्हणजे शनिवारी पाचच्या आत त्या फोनवरच्या ऑनलाइन मास्टर्सला नाव घातलं की जनावरांची डॉक्टर होण्याचा विषय कायमचा मिटला. नाही घातलं, तर वर्षभराने चौथं पत्र येऊन तो तसाही मिटणार, फक्त तेव्हा हातात मास्टर्सही नसणार.

तिने वजनकाटा बाजूला सरकवला, मांजराला मानेमागे धरून अलगद उचललं आणि टॉवेलात गुंडाळलं. बाहीवरची गोळी आता मऊ पडली होती. ती तिने आत सारली. मांजराने गिळली आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू झाल्या प्रकाराबद्दल ते लेखी तक्रार करणार आहे.

संध्याकाळी वडील जेवणाच्या टेबलाशी एक फाइल घेऊन बसलेले होते. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण फाइलीशिवाय त्यांना कुठलाही विषय काढता येत नसे. मास्टर्सचं माहितीपत्रक त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत छापून आणलं होतं आणि प्रत्येक पान वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं.

"'प्राणी-आरोग्य व्यवस्थापन व नेतृत्व,'" त्यांनी चष्मा सरळ करून वाचलं. "कालावधी एक वर्ष. पूर्णपणे घरबसल्या."

"नेतृत्व कुणाचं? प्राण्यांचं?" आईने विचारलं.

"एकूणच."

"म्हणजे ही पुढं चालणार आणि मागून म्हशी?"

"तू जरा थांबशील का? मास्टर्स आहे. मास्टर्सला जगात मान आहे."

"बाबा, त्यात प्रात्यक्षिक नाही," ती म्हणाली. "व्हिडिओ आहेत. कुत्रा कसा तपासायचा त्याचा व्हिडिओ."

"मग चांगलंच आहे की. चावणार नाही."

तिने पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा आहे हे बघितलं आणि तसाच तोंडाला लावला.

"तू माझी बाजू समजून घे," वडिलांनी फाइल मिटली. "खालचे हेडमास्तर जिन्यात दबा धरून बसलेले असतात. तीन वर्षं झाली. मी दिसलो रे दिसलो की, 'काय, झाली का डॉक्टर?' आता मी त्यांची फिरायला जायची वेळ बघून दूध आणायला जातो. त्यामुळं आपल्याकडं दूध कधी येतं ते तूच बघ."

"सांगा त्यांना, कुत्री धरते म्हणून."

"सहा वर्षं तेच सांगतोय!" ते एकदम मोठ्याने म्हणाले. मग स्वतःच्या आवाजाने स्वतःच ओशाळले. भाजीचं भांडं त्यांनी तिच्याकडे सरकवलं. "तुला काहीतरी मिळावं एवढंच माझं म्हणणं आहे गं. कुणीतरी एकदा 'हो' म्हणावं तुला."

 तिने भाजी वाढून घेतली. नको असतानाही जरा जास्तच घेतली.

जेवणं झाल्यावर आई भांडी विसळत होती आणि ती पुसून ठेवत होती.

"त्यांना विचारलंस का गं, का नाही घेतलं ते?"

"असं विचारत नाहीत आई."

"कोण विचारत नाही? दुकानदारसुद्धा वस्तू परत घेत नाही तेव्हा कारण सांगतो. तुला तीनदा परत पाठवलं, आणि तू आपली 'बरं' म्हणून घरी."

"काय विचारू? मी इतकी वाईट आहे का, असं?"

"असं नको विचारूस. नीट विचार." आईने ओल्या हाताने फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर फेसाचा ठसा उमटला. "आत्ता लिही. उद्या तुझा पुन्हा मानी स्वभाव जागा होईल."

तिने पडदा पुसून लिहिलं. दोन ओळी झाल्या. अर्ज क्रमांक अमुक, गुणांचा तपशील मिळावा. खाली 'कृपया' राहिलं होतं, ते नंतर घातलं.

शुक्रवारी सकाळी अकराला उत्तर आलं. तेव्हा तिच्या काखेत एका भल्यामोठ्या कुत्र्याचं डोकं होतं आणि डॉक्टर त्याची नखं कापत होते. मोकळ्या हाताने तिने फोन टेबलाच्या कडेला टेकवून वाचला. पत्रात एक तक्ता होता. शैक्षणिक, दहापैकी आठ. अनुभव, दहापैकी नऊ. मुलाखत, दहापैकी आठ. शिफारसपत्र, दहापैकी तीन. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की शेवटच्या निवड झालेल्या उमेदवारापेक्षा दोन गुण कमी.

कुत्र्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"अगं, सैल धर जरा," डॉक्टर म्हणाले. "श्वास कोंडेल त्याचा."

शिफारसपत्र डॉक्टरांचं होतं. तिन्ही वर्षं.

त्यानंतर दोन तास तिने डॉक्टरांना हवी ती वस्तू हवी तेव्हा दिली, फक्त प्रत्येक वस्तू ट्रेमध्ये अशी ठेवली की बाहेर बाकावर बसलेला ससा दोनदा दचकला. डॉक्टर साठी ओलांडलेले, अंगाने आणि बोलण्याने ऐसपैस. शांतता त्यांना फार वेळ सोसत नसे.

"झालंय काय तुला?"

"काही नाही."

"काही नाही तर कात्री का आपटतेयस?"

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता. मग त्यांनी फोन आधी लांब आणि मग जवळ धरून वाचला.

"दहापैकी तीन? शिफारसपत्राला?" ते खवळले. "कुठल्या गाढवानं लिहिलं होतं?"

"तुम्ही."

"मी?"

"सही तुमची आहे."

"शक्य नाही. मी तुझ्याबद्दल वाईट बोलेन? आण बघू ती फाइल."

ती आणणारच होती. ती कपाटातली फाइल घेऊन आली, पान काढलं आणि समोर उभी राहून, प्रत्येक शब्द त्यांच्या कानात नीट जावा म्हणून सावकाश, ठासून वाचायला लागली.

"'सदर उमेदवार या दवाखान्यात सहा वर्षे मदतनीस आहे. वेळेवर येते. प्राण्यांना धरते. लेखी कामात चूक नाही. वर्तन…'"

ती थांबली.

"वर्तन काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"'ठीक,'" ती म्हणाली.

या दवाखान्यात 'वर्तन ठीक' लिहिणारं एकच माणूस होतं. डॉक्टर बोलत आणि ती टंकत असे. डॉक्टरांच्या बोलण्याला पाणी फार. हात धुता धुता ते सांगत, "लिही, असलं शूर कुत्रं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, चार टाके घातले पण पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही, माणसं काय ओरडतात याच्यापुढं." आणि ती लिहीत असे, 'टाके चार. वर्तन ठीक.' सहा वर्षांत दवाखान्यातून बाहेर गेलेला कागद न् कागद तिने असाच आटवला होता, आणि डॉक्टरांनी न वाचता त्याच्याखाली सही केली होती. मोठ्या दवाखान्यातल्या लोकांनी एकदा फोन करून कौतुक केलं होतं, तुमच्या नोंदी किती सुटसुटीत असतात म्हणून. तेव्हा तिला दिवसभर बरं वाटलं होतं.

शिफारसपत्र डॉक्टरांनी खरोखर सांगितलं होतं, एकदाच, पहिल्या वर्षी. टेबलावर एक शेळी होती आणि ते पंधरा मिनिटं बोलत होते. तिचे कान तापले होते. बाहेर बसलेल्यांना ऐकू जात असेल म्हणून तिने मधेच उठून दार लावून घेतलं होतं. त्यांचं एक वाक्य तिला आजही जसंच्या तसं आठवत होतं, "ही जनावराला धरते तेव्हा आपल्याला कुणी धरलंय असं त्याला वाटतच नाही." त्याचं तिने 'प्राण्यांना धरते' केलं होतं. पुढच्या दोन वर्षी त्यांना पुन्हा त्रास कशाला म्हणून तेच पत्र काढून त्यातला आकडा तेवढा बदलला. चार वर्षे, पाच वर्षे, सहा वर्षे.

डॉक्टर स्टुलावर बसले होते. त्यांच्या ऐसपैस देहातून कुणीतरी हवा काढून घेतल्यासारखं दिसत होतं.

"हे मी बोललो?"

तिने तोंड उघडलं.

"मदतनीस आहे. धरते. वर्तन ठीक," ते स्वतःशीच म्हणाले. "माणूस आहे की कोण आहे मी? सहा वर्षं पोरगी राबतेय आणि मी म्हणतो वर्तन ठीक?"

"डॉक्टर…"

तेवढ्यात दार ढकलून एक बाई पिंजरा घेऊन आत आल्या. पिंजऱ्यातला पोपट तीन दिवस बोलत नव्हता. तिने तोंड मिटलं आणि पोपटाचं वजन केलं.

संपूर्ण दुपार डॉक्टर तिच्याशी इतकं चांगलं वागले की तिला ते सहन होईना. चहा त्यांनी स्वतः केला, तिला आधी दिला. तिच्यासाठी दार उघडून उभे राहिले, त्यात एक मांजर पळालं. निघताना ॲप्रन काढत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू ते फोनवरचं मास्टर्स घेऊन टाक. या म्हाताऱ्याच्या भरवशावर आणखी एक वर्ष नको घालवूस."

"बरं," ती म्हणाली, आणि रस्त्यावर आल्यावर स्वतःच्याच कपाळावर पर्सने एक हलकासा फटका मारून घेतला. शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघत राहिला.

शनिवारी दुपारपर्यंत तिने फोनवरच अर्ज भरत आणला होता. शेवटचं पान राहिलं होतं. दोन फोटो, ओळखपत्राची प्रत, आणि 'आपल्याबद्दल थोडक्यात लिहा (न लिहिल्यास चालेल)'. साडेतीनला समुपदेशिकेचा फोन आला तेव्हा ती मागच्या पायरीवर बसून डबा खात होती.

"मॅडम, तुमचा अर्ज ऐंशी टक्क्यांवर थांबलाय. काही अडचण?"

"शिफारसपत्र कुठं जोडायचं?"

"नाही लागत मॅडम! आम्ही असले अडथळे ठेवलेच नाहीत."

"मुलाखत?"

"नाही."

"मी कोण आहे, मला काय येतं, हे कुणी विचारणारच नाही?"

"अजिबात नाही मॅडम," समुपदेशिका आश्वासक आवाजात म्हणाली. "तुम्ही निश्चिंत राहा."

तिने डब्याचं झाकण लावलं. "एक विचारू? हा कोर्स करून लोक पुढं करतात काय?"

"खूप संधी आहेत मॅडम. मी स्वतः पहिल्या तुकडीची आहे."

 समुपदेशिकेच्या मागे आणखी वीस-पंचवीस आवाज 'नमस्कार मॅडम', 'नमस्कार सर' करत होते.

"तुम्हाला प्राणी आवडतात?" तिने विचारलं.

"खूप," पलीकडची मुलगी पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाली. "आमच्या इमारतीत पाळू देत नाहीत." मग तिला भान आलं. "तर मॅडम, पाचच्या आत?"

"बघते."

डॉक्टर आत एका कुत्र्याच्या पंजातून काच काढत होते. कुत्रा पोस्टमनचा होता. तो गणवेशातच आला होता, पिशवी पायाशी ठेवून. त्याच्या हातातून कुत्र्याची मान तिने स्वतःकडे घेतली.

"डॉक्टर, ते पत्र तुम्ही सांगितलं नव्हतं."

"कुठलं?"

"वर्तन ठीक. ते मी केलं. तुम्ही बरंच बोलला होता. मी आटवलं."

डॉक्टरांचा चिमटा हवेत थांबला. पोस्टमन आळीपाळीने दोघांकडे बघू लागला.

"आटवलंस."

"सवयीनं."

"तीन वर्षं."

"पहिल्या वर्षी आटवलं. नंतर आकडा बदलला."

"आणि काल का नाही बोललीस?"

"पोपट आला."

डॉक्टरांनी काच काढली, बशीत टाकली, जखम धुतली. त्यांचा चेहरा लाल होत गेला. "मी काल घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. की माझ्यामुळं पोरीचं आयुष्य फुकट गेलं. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही! सकाळचा नाश्तासुद्धा मी माझा करून घेतला. आणि तू म्हणतेस पोपट आला?"

"चुकलं माझं."

"दुसऱ्याची तक्रार असली तर शेवटपर्यंत उभी राहतेस. त्या दिवशी त्या घोडेवाल्याला काय झापलंस. आणि स्वतःचं आलं की चार शब्दांत गुंडाळून मोकळी. हा कसला आजार आहे?"

 कुत्र्याच्या कानामागे एक गोचीड होती, ती तिने काढली.

"आता काय हवंय तुला?" डॉक्टरांनी विचारलं. "मास्टर्ससाठी पत्र?"

"तिथं लागत नाही."

"मग?"

तिने कोपऱ्यातल्या संगणकाकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं.

"बस," ते म्हणाले. "मी सांगतो, तू लिही. शब्द न् शब्द."

पोस्टमनने मान धरली आणि ती जाऊन बसली. डॉक्टर हात पुसत बोलू लागले. पाच मिनिटं बोलले. त्यात ती अडलेली शेळी आली, सगळ्यांना चावणारं आणि हिच्या मांडीवर झोपणारं ते पांढरं कुत्रं आलं, त्यांचे स्वतःचे हात हल्ली थरथरतात तेव्हा ती काही न बोलता सुई पुढे सरकवते, हेही आलं. पोस्टमन मन लावून ऐकत होता. कळफलक टकटक वाजत होता.

"वाच," डॉक्टर म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तिने पडद्याकडे बघितलं. घसा साफ केला.

"'उमेदवार अनुभवी आहे. कामात तत्पर.'"

"पुढं?"

"पुढं अजून…"

"आणि शेळी?"

"ती 'अनुभवी'मध्ये आली."

पोस्टमनला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात घालवलं.

"ऊठ," डॉक्टर म्हणाले. "ऊठ तिथून. त्याला धर जाऊन."

ती उठली. खुर्ची करकरली, डॉक्टर बसले, चष्मा डोक्यावरून नाकावर आला. होतं ते सगळं त्यांनी पुसून टाकलं. त्यासाठी त्यांना तीन प्रयत्न करावे लागले. मग उजव्या हाताचं एक बोट उगारून ते कळफलकावर घिरट्या घालू लागले. सापडलेलं अक्षर ते मोठ्याने म्हणत आणि दाबत. बँडेज बांधायचं राहिलं होतं, म्हणून तिने एका हाताने कुत्र्याला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पंजावर कापूस दाबला. कुत्र्याने हनुवटी तिच्या कोपरावर टेकली आणि डोळे मिटले.

"कमाल आहे," पोस्टमन हळूच म्हणाला. "घरी नुसतं ब्रश घेऊन गेलं तरी अंगावर येतो."

"ते लिहू का?" डॉक्टरांनी मागे वळून विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "लिहितो." पण लगेच अडले. "हा 'धैर्य'मधला रफार कुठं दडवलाय?"

"आधी र घ्या," ती म्हणाली. "मग त्याचा पाय मोडा. मग य."

पोस्टमनने दचकून कुत्र्याचा पाय पकडला. "कुणाचा पाय मोडायचा?"

"र चा."

"असं असं," तो म्हणाला, पण पाय सोडला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने एकदा बघितलं. "साडेचार झाले. फार वेळ लागेल का हो?"

 डॉक्टर पडद्याच्या इतक्या जवळ गेले होते की श्वासाने काच धुरकट होत होती. त्यांची पहिली ओळ अजून पुरी व्हायची होती. तिच्या खिशात फोन थरथरू लागला. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. तसा कुत्र्याच्या मानेवरचा हात काढता आला असता.

"लागेल," ती पोस्टमनला म्हणाली. "बसा ना."

तो बसला. फोन बराच वेळ थरथरून थांबला.

"'उत्कृष्ट'," डॉक्टर म्हणाले. "हे कसं काढायचं?"

"'चांगली' लिहा. सोपं आहे."

"मी सोपं विचारलं का? उत्कृष्ट सांग."

ती समोरच्या भिंतीवर लावलेल्या गायीच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते आणि या खेपेला उठून दार लावायची सोय नव्हती.

"त्यात दोन पाय मोडावे लागतील," ती शेवटी म्हणाली.

"मोडू की," डॉक्टर बोट उगारून म्हणाले. "पहिलं अक्षर सांग."